इंजिनातली ठकठक पकडणारे रिकार्डो

एप्रिलचं ऊन, चंद्रपूर-मूल रस्ता, डबलसीट आणि टॉप गिअरमध्येच पिळलेला एक्सलेटर. जुनी बाइक ठकठक करणारच. मेकॅनिक याला नॉकिंग म्हणतो. सर हॅरी रिकार्डो यांनी या आवाजामागे अर्धं आयुष्य घालवलं.

जन्म 1885 चा, लंडनचा. आजोबा अलेक्झांडर रेंडेल भारतातल्या रेल्वेचे सल्लागार इंजिनियर; सिंधमधला सक्करचा पूल त्यांच्याच डिझाइनचा. केंब्रिजला रिकार्डो यांना गुरू मिळाले प्रा. हॉपकिन्सन. पुढे 1913 मध्ये गॅस इंजिनाच्या सिलिंडरमध्ये पाणी फवारून ते थंड ठेवण्याची पद्धत मांडणारे हेच.

खरी परीक्षा पहिल्या महायुद्धात झाली. चांगलं पेट्रोल विमानांना, रणगाड्यांच्या वाट्याला हलकं. त्यात इंजिनाने धूर सोडला की शत्रूला पत्ता लागलाच, आतल्या पोरांचं काय होणार ते सांगायला नको. रिकार्डो यांनी त्याच हलक्या पेट्रोलवर चालणारं, कमी धुराचं, 150 हॉर्सपॉवरचं इंजिन करून दिलं.

नंतर प्रयोगांवर प्रयोग. ज्योत पोचायच्या आधीच सिलिंडरच्या कोपऱ्यातलं मिश्रण आपोआप पेटतं, म्हणून ठकठक. आत पाण्याचा फवारा गेला तर वाफ होताना तो उष्णता शोषतो, मिश्रण थंड राहतं आणि साध्या पेट्रोललाही जास्त दाब झेपतो. पाणी स्वतः जळत नाही हं! पाण्यावर गाडी चालवणारे व्हिडिओ खुशाल स्क्रोल करा. दुसऱ्या महायुद्धात लढाऊ विमानांनी हीच युक्ती पाण्यात मिथेनॉल मिसळून वापरली.

1948 मध्ये सर किताब मिळाला. 1974 मध्ये 89 व्या वर्षी ते गेले. पंपावरच्या ऑक्टेन नंबरच्या आधीचं माप, टोल्युइन नंबर, तेही त्यांचंच.