शेवटच्या फेरीपर्यंत : ताझिओ नुव्होलारी

इटली म्हटले की आपल्याला मराठा रेजिमेंटचे नामदेव जाधव आणि त्यांचा १९४५ मधील पराक्रम आठवतो. त्याच इटलीत, मांतुआजवळच्या कास्तेल दारिओ गावी, १६ नोव्हेंबर १८९२ रोजी ताझिओ नुव्होलारी यांचा जन्म झाला. पहिल्या महायुद्धात ते सैन्यात वाहनचालक होते. युद्धानंतर ते आधी मोटारसायकलच्या आणि मग मोटारींच्या शर्यतींत उतरले. सुमारे १६०० किलोमीटरची ‘मिल्ले मिलिया’ त्यांनी १९३० आणि १९३३ मध्ये जिंकली.

२८ जुलै १९३५ रोजी जर्मनीतील नुर्बुर्गरिंगवर मर्सिडीज आणि ऑटो युनियनच्या बलाढ्य गाड्यांसमोर त्यांची अल्फा रोमिओ जुनी होती. पेट्रोल भरताना पंप बिघडला, दोन मिनिटांहून अधिक वेळ गेला आणि ते सहाव्या क्रमांकावर घसरले. तरी एकेक गाडी मागे टाकत ते दुसरे आले. शेवटच्या फेरीत पुढच्या ब्राउखिच यांचे झिजलेले टायर फुटले आणि नुव्होलारी जिंकले. याला नशीब म्हणता येईल. पण पाठलाग ढिला पडला असता, तर ब्राउखिच यांना टायर जपता आले असते.

त्यांचे दोन्ही मुलगे अवघ्या अठराव्या वर्षी आजाराने गेले. स्वतःची प्रकृती ढासळलेली असतानाही १९४८ च्या मिल्ले मिलियात ते आघाडीवर होते. गाडीनेच साथ सोडली. ११ ऑगस्ट १९५३ रोजी त्यांचे निधन झाले.

साधन कमी पडले तरी प्रयत्न कमी पडू द्यायचा नाही, हे आपण कॅडेट्सनी त्यांच्याकडून घ्यावे.