चित्रकार धुरंधर

आमच्या कवठे येमाईला देवीची यात्रा भरली, की देवळाच्या वाटेवर माणसांची रीघ लागते. कोणी नैवेद्याचे ताट पदराखाली झाकून नेत असते, कोणी लेकराला खांद्यावर घेतलेले असते, तर कोणी सैल झालेले पागोटे सोडून पुन्हा बांधीत असते. आपण हे सारे पाहतो आणि विसरतो. अशीच माणसे जन्मभर कागदावर टिपीत राहिलेला एक थोर चित्रकार महाराष्ट्रात होऊन गेला. सातारा जिल्ह्यातील औंध येथे यमाईच्या डोंगरावर श्रीभवानी वस्तुसंग्रहालय आहे. औंधची यमाई आणि आमची येमाई आम्ही एकच मानतो. तिच्या दर्शनाला गेलो असता त्या संग्रहालयात मी या चित्रकाराची चित्रे प्रथम पाहिली.

महादेव विश्वनाथ धुरंधर यांचा जन्म १८ मार्च १८६७ रोजी कोल्हापूर येथे एका पाठारे प्रभू कुटुंबात झाला. १८९० साली ते मुंबईच्या सर जमशेटजी जिजीभाई कलाशाळेत दाखल झाले. जॉन ग्रिफिथ्स हे त्या वेळी शाळेचे प्रमुख होते. याच ग्रिफिथ्स यांनी १८७२ ते १८८५ या काळात आपल्या विद्यार्थ्यांकडून अजिंठ्याच्या भित्तिचित्रांच्या प्रतिकृती करवून घेतल्या होत्या. भिंतीवरील चित्र म्हणजे काय असते, याची जाण त्या शाळेत अशी आधीपासूनच रुजलेली होती.

१८९५ साली बॉम्बे आर्ट सोसायटीच्या प्रदर्शनात धुरंधरांना सुवर्णपदक मिळाले. ज्या चित्राला ते मिळाले, त्यात ना देव होता ना राजा. लक्ष्मीला घरात आणण्याचा एक साधा घरगुती विधी त्यांनी चितारला होता. पुढच्याच वर्षी ते आपल्या शाळेत शिक्षक झाले. त्याच १८९६ साली मुंबईत प्लेग शिरला आणि त्या साथीत त्यांची पत्नी बापूबाई हिला मृत्यूने ओढून नेले. नोकरीची स्थिरता आली आणि घर उजाड झाले! पुढे गंगूबाई यांच्याशी त्यांचा दुसरा विवाह झाला.

या सर्व काळात त्यांची पेन्सिल थांबली नाही. मुंबईच्या रस्त्यांवरील माणसे त्यांनी पोस्टकार्डांवरील चित्रांत आणली. एडवर्ड्स यांचे मुंबईच्या गल्लीबोळांविषयीचे पुस्तक १९१२ साली निघाले, किंकेड यांनी सांगितलेल्या आपल्याकडील कहाण्यांचे पुस्तक १९१४ साली निघाले, आणि रॉथफील्ड यांचे भारतीय स्त्रियांविषयीचे पुस्तक १९२० साली प्रसिद्ध झाले. या तिन्ही पुस्तकांतील चित्रे धुरंधरांची आहेत. रॉथफील्ड यांच्या एकट्या पुस्तकातच त्यांची ४८ रंगीत चित्रे आहेत. निरनिराळ्या जातीजमातींच्या स्त्रिया लुगडे कसे नेसतात, दागिने कोठे घालतात, उभ्या कशा राहतात, हे त्यांना जणू तोंडपाठ होते.

ही सवय किती मोलाची होती, हे समजण्यासाठी भित्तिचित्र कसे तयार होते ते पाहिले पाहिजे. एवढ्या मोठ्या भिंतीपुढे चित्रकार एकदम कुंचला घेऊन उभा राहत नाही. प्रथम तो प्रत्यक्ष माणसांवरून सुटी रेखाटने करतो. कोठे नुसता एक हात असतो, कोठे पदराची घडी, कोठे मांडी घालून बसलेला म्हातारा. मग त्या सुट्या आकृती एकत्र जुळवून तो एक लहान रंगीत कच्चे चित्र काढतो. त्यावर चौकटी आखतो, भिंतीच्या मापाने तितक्याच मोठ्या चौकटी आखतो, आणि एकेका चौकटीतील रेषा वाढवून नेतो. कागदावर बोटभर चुकलेली रेषा भिंतीवर हातभर चुकते. म्हणून खरी परीक्षा होते ती त्या कागदावर, जो पुढे कोणी पाहत नाही.

धुरंधरांची ती परीक्षा वयाच्या साठीनंतर झाली. नव्या दिल्लीत सरकारी सचिवालय उभे राहत होते आणि तेथील भिंती रंगविण्याचे काम १९२८-२९ च्या सुमारास मुंबईच्या कलाशाळेकडेही आले. शाळेतील इतर मंडळींनी एक मोठे दालन घेतले. कायदेखात्याच्या सभासदाचे दालन धुरंधरांकडे आले. विषय ठरला कायद्याचा: हिंदू आणि मुसलमान समाजांत धर्मशास्त्र कसे चालते, हे दाखवावयाचे. विषय मोठा रुक्ष! कायद्याची कलमे काही चितारता येत नाहीत; चितारता येतात ती माणसे. आणि माणसांचा साठा धुरंधरांजवळ जवळजवळ चाळीस वर्षांचा होता.

दिल्लीच्या या कामावरून त्या काळी वादही झाले. बंगालच्या चित्रकारांचे म्हणणे असे, की मुंबईची ही हुबेहूब चित्रणाची रीत परकी आहे. त्या आक्षेपात काही तथ्य नव्हते असे मी म्हणणार नाही. धुरंधरांची काही पौराणिक चित्रे मलाही रंगभूमीवरील प्रवेशासारखी वाटतात. परंतु त्यांची झटपट रेखाटने पाहावीत! त्यांत परकेपणाचा लवलेश नाही.

शाळेच्या संचालकपदाचा कार्यभारही काही काळ सांभाळून १९३१ साली ते निवृत्त झाले. १८९० ते १९३१ या एकेचाळीस वर्षांची हकीकत त्यांनी ‘कलामंदिरातील एकेचाळीस वर्षे’ या ग्रंथात लिहून ठेवली. १ जून १९४४ रोजी त्यांचे निधन झाले. त्यांची कन्या अंबिका याही त्याच शाळेत शिकलेल्या चित्रकर्त्री होत्या. वडिलांच्या चित्रांचा ठेवा त्यांनी जिवापाड जपला. २०१८ साली मुंबईच्या राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालयात धुरंधरांच्या कामाचे मोठे प्रदर्शन भरले, तेव्हा मोठ्या तैलचित्रांबरोबर ते लहान लहान कागदही लोकांना पाहावयास मिळाले.