सायकलीचा पाना हातात घेणारा मास्तर : लक्ष्मणराव किर्लोस्कर

दर्यापूर, अकोट, मूर्तिजापूरकडच्या गावांत फिरलं की एखाद्या ओसरीत नाहीतर गोठ्याच्या कोपऱ्यात जुनी राजदूत, येझदी किंवा लुना उघडून ठेवलेली दिसते. टाकी एकीकडे, इंजिन पोत्यावर, नटबोल्ट डालड्याच्या डब्यात. बापानं चालवलेली गाडी भंगारात द्यायची नाही म्हणून पोरगा तिला पुन्हा उभी करत असतो. येझदी बनवणारा म्हैसूरचा कारखाना १९९६ साली बंद पडला. मग झिजलेला भाग हातात घेऊन लेथवाल्याकडे जायचं, त्याच मापाचा नवा करून घ्यायचा, बसला नाही तर पुन्हा घासायचा.

परदेशी यंत्र उघडायचं, त्याचा भाग इथंच करायचा आणि जमलं तर आपल्या सोयीनं बदलायचा, हे काम सव्वाशे वर्षांपूर्वी बेळगावात एक माणूस करत होता. त्याचं आडनाव वऱ्हाडातल्या कितीतरी विहिरींवर, मोटारीच्या आणि इंजिनाच्या पाटीवर आजही वाचायला मिळतं. पण तो माणूस सुरुवातीला पंपवाला नव्हता, सायकलवाला होता.

लक्ष्मण काशिनाथ किर्लोस्कर यांचा जन्म २० जून १८६९ चा, बेळगाव जिल्ह्यातल्या गुर्लहोसूर गावचा. घरात वेदान्ताचं वातावरण, वडील विद्वान. पोराचा जीव मात्र चित्रांत आणि यंत्रांत. मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये तो चित्रकला शिकायला गेला. तिथं कळलं की त्याला काही रंग नीट ओळखूच येत नाहीत. चित्रकाराचा रस्ता तिथंच संपला. पण रेघा मारायला रंग लागत नाहीत. लक्ष्मणराव यंत्रांच्या ड्रॉइंगकडे वळले आणि पुढं व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये तोच विषय शिकवायला लागले. १८८७ साली सुरू झालेली ही संस्था तेव्हा अगदी नवी होती. शिकवता शिकवता ते वर्कशॉपमध्ये स्वतःच्या हातानं काम शिकले, विलायती पुस्तकं वाचून यंत्रांची अंगं समजून घेतली.

त्याच काळात मुंबईत सायकल दिसायला लागली होती. हवेचं टायर डनलॉपनं १८८८ मध्ये काढलं, म्हणजे आपण आज ज्याला सायकल म्हणतो ती तेव्हा जन्मतच होती. गाडी बोटीनं यायची आणि महाग असायची. घेणारे म्हणजे साहेब, डॉक्टर, वकील अशी मंडळी. लक्ष्मणरावांनी मुंबईहून सायकली बेळगावला धाडायच्या आणि भाऊ रामुअण्णांनी तिथं विकायच्या, घेणाऱ्याला चालवायलाही शिकवायचं, असा धंदा दोघा भावांनी मांडला. किर्लोस्कर ब्रदर्स हे नाव १८८८ सालापासूनचं आहे, ते या सायकलीच्या दुकानापासूनचं.

मुंबईत बढतीची वेळ आली तेव्हा लक्ष्मणरावांना डावलून ती जागा एका अँग्लो इंडियन माणसाला मिळाली. त्यांनी राजीनामा दिला आणि बेळगाव गाठलं. महिन्याच्या महिन्याला पगार देणारी नोकरी सोडून पोरगा सायकली दुरुस्त करायला गावी येतो म्हटलं, तर आजही घरात दोन दिवस कोणी धड बोलणार नाही. तेव्हा काय झालं असेल, त्याचा अंदाज करावा.

सायकल विकणं सोपं होतं, ती चालती ठेवणं अवघड. बोटीनं आलेल्या गाडीचा सुटा भागही बोटीनंच यायचा. तोवर गिऱ्हाईक थांबणार कसं? मग बिघडलेली वस्तू उघडा, माप घ्या आणि इथंच करा. त्यांनी लहानसं लेथ घेतलं, ड्रिल घेतलं. पवनचक्क्यांची एजन्सीही घेतली. दुकानाचा हळूहळू कारखाना व्हायला लागला. विलायती यंत्र कुठं जड आहे, कुठं उगाच महाग केलंय आणि कोणता भाग आपल्या मातीत टिकणार नाही, हे उघडल्याशिवाय कळत नाही. लक्ष्मणरावांची खरी शाळा हीच.

त्यातून पहिली मोठी वस्तू निघाली ती कडबा कापायचं यंत्र. अख्खा कडबा टाकला की जनावर पानं खाते आणि धांडे तुडवते, हे आपल्याकडे कोणाला सांगायला नको. बारीक कुट्टी केली तर तोच कडबा जास्त दिवस पुरतो. यंत्राची कल्पना बाहेरची होती, पण किंमत आणि बांधणी इथल्या शेतकऱ्याला झेपेल अशी ठेवली.

मग आला लोखंडी नांगर, १९०३ च्या सुमारास. लाकडी नांगर जमिनीत चर पाडतो, माती पलटवत नाही. लोखंडी नांगराचं पंख खालची माती वर आणून उलटी टाकतं. कुंदा आणि हरळीच्या मुळ्या उन्हात उघड्या पडून वाळतात. काळ्या कसदार वावरात कुंदा शिरला की काय हाल होतात, ते पऱ्हाटीवाल्यालाच विचारा. पण विलायती नांगर तिकडच्या घोड्यांच्या हिशेबानं केलेला. तो इथं आपल्या बैलांनी ओढायचा होता, गावच्या लोहाराला कळेल असा असायला पाहिजे होता. म्हणून लक्ष्मणरावांनी तो आपल्या पद्धतीनं केला.

नांगर तयार झाला, पण घेणारा कोणी नाही. लोखंड जमिनीत घातलं तर जमिनीला विष चढते, पीक येत नाही, असं लोक म्हणत. पहिले नांगर विकायला दोन वर्षं लागली. कारखान्यात माल पडून, कामगारांचा पगार डोक्यावर. शेतकऱ्यांना अडाणी म्हणून मोकळं होणं सोपं आहे. पण ज्याचं वर्ष एका पेरणीवर उभं असतं तो दुसऱ्याच्या वावरात आधी बघतो, मग स्वतःच्या वावरात घालतो. ज्यांनी घातला त्यांची जमीन खराब झाली नाही, तेव्हा कुठं मागणी सुरू झाली.

आणि धंदा सुरळीत होतोय तोच बेळगाव नगरपालिकेची नोटीस आली. शहराच्या वाढीसाठी कारखान्याची जागा खाली करायची होती. लक्ष्मणराव चाळिशीत पोचलेले, पुन्हा शून्यावर.

तेव्हा ते औंधला, तिथल्या संस्थानिकांसाठी एका बांधकामाचं काम करत होते. राजे बाळासाहेब पंतप्रतिनिधी स्वतः चित्रकार. रंग न ओळखणारा हा माजी चित्रकार त्यांच्या पसंतीला उतरला होता. त्यांनी कुंडल रोड रेल्वे स्टेशनजवळ ३२ एकर जमीन दिली आणि १०,००० रुपये बिनव्याजी दिले. जमीन म्हणजे नुसता माळ, त्यावर निवडुंग आणि साप. पाण्याची बोंब. १९१० साली कामगार आणि त्यांची बायकापोरं तिथं जाऊन राहिली, निवडुंग तोडला आणि किर्लोस्करवाडी उभी केली. हे गाव आज सांगली जिल्ह्याच्या पलूस तालुक्यात आहे आणि स्टेशनाचं नावही तेच झालं.

सोबतीला जी माणसं आली ती मोठ्या डिग्रीची नव्हती. शंभुअण्णा जांभेकर यंत्राचं बघायचे, मंगेशराव रेगे हिशेब आणि ऑफिस, अनंतराव फळणीकर इंजिनिअरिंगची कामं. रात्रीच्या राखणीला लक्ष्मणरावांनी तुरुंगातून सुटून आलेल्या माणसांना ठेवलं. वसाहतीत शिवाशिव पाळायची नाही हा नियम होता. १९१० चं साल लक्षात घेतलं तर ही गोष्ट नांगरापेक्षा लहान नाही.

१९१४ मध्ये पहिलं महायुद्ध सुरू झालं. बोटी अडल्या. लोखंड नाही, कोळसा नाही, रंगसुद्धा नाही. मागणी मात्र वाढलेली, कारण बाहेरून येणारी अवजारंही बंद झाली होती. इथं पुन्हा जुनी सवय कामी आली. मिळेल ते मोडीत घ्यायचं, वितळवायचं आणि कामाचं करायचं. कोल्हापूरच्या शाहू महाराजांनी जुन्या तोफांचं लोखंड दिलं. ज्या तोफा किल्ल्यावर गंजत पडल्या होत्या, त्यांचे नांगर झाले आणि कोणाच्या तरी वावरात चालले.

पुढचं भराभर झालं. १९२० मध्ये कंपनी लिमिटेड झाली. त्याच वर्षी पुतण्या शंकररावांनी किर्लोस्कर खबर हे मासिक काढलं. मुलगा शंतनुराव १९२६ मध्ये अमेरिकेतून इंजिनिअर होऊन परतला. चरक आला, हातपंप आला, मग विहिरीवरचा पंप आला. डिझेल इंजिनांसाठी पुण्यात वेगळी कंपनी १९४६ साली निघाली. मोटेचे बैल सुटले ते या पंपांमुळं.

२६ सप्टेंबर १९५६ रोजी लक्ष्मणराव गेले. तोवर त्यांच्या कारखान्याचा नांगर गावोगाव पोचला होता आणि लोखंडानं जमिनीला विष चढतं, ही गोष्ट शेतकऱ्याच्या पुढच्या पिढीनं ऐकलीसुद्धा नव्हती. त्यांच्या जन्मशताब्दीला, १९६९ मध्ये, टपाल खात्यानं त्यांचं तिकीट काढलं.