ताऱ्यांचे घटकद्रव्य ओळखणाऱ्या सेसिलिया पेन

सन १९१९च्या अखेरीस केंब्रिजच्या ट्रिनिटी कॉलेजात आर्थर एडिंग्टन यांचे व्याख्यान झाले. त्याच वर्षीच्या मे महिन्यातील खग्रास ग्रहणात आफ्रिकेजवळच्या प्रिन्सिपे बेटावरून घेतलेल्या छायाचित्रांच्या आधारे, सूर्याजवळून येणारे ताऱ्यांचे किरण आइन्स्टाइनच्या भाकिताप्रमाणे वाकतात, असे त्यांनी मांडले. न्यूनहॅम या स्त्रियांच्या कॉलेजच्या वाट्याला मोजकीच प्रवेशपत्रे आली होती. एका मैत्रिणीला जाणे जमले नाही, म्हणून एकोणीस वर्षांच्या सेसिलिया पेन तेथे पोहोचल्या. खोलीवर परतताच त्यांनी ते व्याख्यान स्मरणातून जवळजवळ शब्दशः लिहून काढले. पुढच्या तीन रात्री आपला डोळ्याला डोळा लागला नाही, अशी आठवण त्यांनी उत्तरायुष्यात नोंदवून ठेवली आहे.

त्यांचा जन्म १० मे १९०० रोजी इंग्लंडमधील वेंडोव्हर येथे झाला. वडील चार वर्षांच्या वयातच वारले. शाळेत संगीत शिकवणारे प्रसिद्ध संगीतकार गुस्ताव होल्स्ट यांनी संगीतालाच वाहून घेण्याचा आग्रह धरला होता. परंतु त्या शिष्यवृत्ती मिळवून केंब्रिजला गेल्या, त्या वनस्पतिशास्त्राच्या ओढीने. एडिंग्टन यांच्या व्याख्यानानंतर ती ओढ संपली. मात्र केंब्रिजमध्ये खगोलशास्त्र गणिताच्या शाखेत मोडत असल्याने त्यांनी भौतिकशास्त्राचा मार्ग धरला. (आजही आपल्याकडे खगोलभौतिकीकडे वळणाऱ्या बहुतेकांना आधी भौतिकशास्त्राचीच पदवी घ्यावी लागते.)

रदरफर्ड यांच्या वर्गात त्या एकट्याच विद्यार्थिनी होत्या आणि नियमानुसार त्यांना पहिल्या रांगेत बसावे लागे. रदरफर्ड त्यांच्याकडे रोखून पाहत मुद्दाम स्त्रियांना उद्देशून संबोधन करीत आणि मागे बसलेली मुले पाय आपटून हशा पिकवीत. एडिंग्टन यांची वागणूक वेगळी होती. खगोलशास्त्रज्ञ व्हायचे आहे, असे पेन यांनी सांगितले तेव्हा त्यात ओलांडता न येण्याजोगी अडचण आपल्याला दिसत नाही, एवढेच ते म्हणाले. त्या मितभाषी माणसाकडून आलेले हे उत्तेजन थोडे नव्हते. कॉलेजच्या आवारात धूळ खात पडलेली लहानशी दुर्बीणही पेन यांनी पुन्हा वापरात आणली.

१९२३ मध्ये अभ्यासक्रम पूर्ण झाला, पण पदवी मिळाली नाही. केंब्रिज विद्यापीठ स्त्रियांना शिकू देई, परीक्षेस बसू देई, पदवी मात्र देत नसे. हा नियम १९४८ पर्यंत टिकला. इंग्लंडमध्ये राहिल्यास मुलींच्या शाळेत शिकवण्यापलीकडे वाट नव्हती. हार्वर्ड वेधशाळेचे संचालक हार्लो शॅप्ली यांनी देऊ केलेली शिष्यवृत्ती घेऊन त्या अमेरिकेला गेल्या.

तेथे काचेच्या तबकड्यांवर टिपलेल्या ताऱ्यांच्या वर्णपटांचा प्रचंड साठा होता. तो वाचण्याची किल्ली भारतातून आली होती. तापमान आणि दाब यांनुसार अणूंतील इलेक्ट्रॉन किती प्रमाणात सुटतात, हे सांगणारे समीकरण मेघनाद साहा यांनी १९२० मध्ये मांडले होते. एखाद्या मूलद्रव्याच्या रेषा ठळक दिसतात म्हणून ते विपुल आहे, असे म्हणता येत नाही. तापमानाचा हिशेब आधी करावा लागतो. पेन यांनी तो केला. बहुतेक मूलद्रव्यांचे परस्परप्रमाण पृथ्वीवरच्यासारखेच निघाले. हायड्रोजन मात्र धातूंच्या सुमारे दहा लाख पट भरला. सूर्याची घडण पृथ्वीसारखीच आहे, हा तेव्हाचा सर्वमान्य समज त्यामुळे मोडीत निघत होता.

प्रबंधाचे हस्तलिखित त्या काळचे अग्रगण्य खगोलशास्त्रज्ञ हेन्री नॉरिस रसेल यांच्याकडे गेले. हा निष्कर्ष अशक्य आहे, असे त्यांनी कळवले. नवख्या संशोधिकेचे भवितव्य अशा शब्दावर अवलंबून असे. १९२५ मध्ये छापलेल्या प्रबंधात पेन यांनी आकडे ठेवले, पण ते बहुधा खरे नसावेत अशी पुस्तीही जोडली. चार वर्षांनी रसेल वेगळ्या मार्गाने त्याच निष्कर्षाला पोहोचले. त्यांनी पेन यांच्या कामाचा उल्लेख केला, तरी श्रेय बराच काळ त्यांच्याच नावे जमा होत राहिले. पुराव्यापेक्षा अधिकाराला मान दिल्याची खंत पेन यांना अखेरपर्यंत होती.

हार्वर्डमध्येही मानाचे स्थान सहज मिळाले नाही. त्यांचे वेतन दीर्घकाळ वेधशाळेच्या साधनसामग्रीच्या खात्यातून दिले जाई आणि त्या शिकवत असलेले वर्ग १९४५ पर्यंत विद्यापीठाच्या सूचीत छापलेही जात नसत. १९३४ मध्ये त्यांनी रशियन खगोलशास्त्रज्ञ सर्गेई गापोश्किन यांच्याशी विवाह केला. चल ताऱ्यांवरील अफाट काम दोघांनी मिळून केले आणि तीन मुले वाढवली. पूर्ण प्राध्यापकपद आले ते १९५६ मध्ये. त्याच वर्षी विभागप्रमुखपदही. हार्वर्डमध्ये विभागाचे प्रमुखपद भूषविणाऱ्या त्या पहिल्या महिला.

१९७६ मध्ये अमेरिकन ॲस्ट्रॉनॉमिकल सोसायटीने त्यांना आपला मोठा सन्मान दिला. त्या सन्मानाला हेन्री नॉरिस रसेल यांचे नाव आहे. तीन वर्षांनी, ७ डिसेंबर १९७९ रोजी, अमेरिकेतल्या केंब्रिज गावी त्यांचे निधन झाले.