घरमाता नानयेही

मातृस्मरणाचे एक पान आम्ही या वेळी सातासमुद्रापलीकडील एका स्त्रीसाठी राखून ठेवले आहे. तिचे नाव नानयेही. गोऱ्या वसाहतवाल्यांच्या कागदपत्रांत ती नॅन्सी वॉर्ड या नावाने आढळते. अमेरिकेच्या आजच्या टेनेसी राज्यात, लिटल टेनेसी नदीकाठी चोटा नावाचे चेरोकींचे प्रमुख गाव होते. तेथे सुमारे १७३८ साली तिचा जन्म झाला. त्याच सुमारास गोऱ्यांच्या संपर्कातून आलेल्या देवीच्या साथीने चेरोकी राष्ट्रातील जवळजवळ निम्मी माणसे नेली असे सांगतात. ज्या घरात ही मुलगी वाढली, त्या घराभोवतीची कितीतरी घरे रिकामी झालेली असणार.

चेरोकींचे घर आपल्या घरासारखे नव्हते, हे आधी समजून घ्यावे लागते. त्यांच्यात कुळ आईकडून चालत असे. घर स्त्रीचे, शेत स्त्रीचे. लग्न झाले की पुरुष बायकोच्या घरी राहावयास जाई आणि बेबनाव झाला तर आपले सामान उचलून तोच बाहेर पडे. मुलांवर बापापेक्षा मामाचा अधिकार मोठा. मका, घेवडा आणि भोपळा एकाच वाफ्यात लावून स्त्रिया कुटुंब पोसत. आपल्याकडे गृहिणी म्हटले की चुलीपुरती सत्ता असलेली बाई डोळ्यांसमोर येते. तेथे गृहिणी ही जमिनीची धनीण होती. नानयेही लांडगा कुळातील. तिची आई टेम डो आणि मामा अट्टाकुल्लाकुल्ला. हा मामा इंग्लंडच्या राजदरबारी जाऊन आलेला, वाटाघाटींत निष्णात असा पुढारी होता.

किशोरवयातच किंगफिशर या योद्ध्याशी तिचा विवाह झाला आणि कॅथरीन व फाइव्हकिलर ही दोन मुले झाली. १७५५ साली, आजच्या जॉर्जिया राज्यातील तलिवा येथे क्रीक लोकांशी लढाई झाली. परंपरा सांगते, की ती पतीजवळ बसून त्याच्या बंदुकीच्या शिशाच्या गोळ्या दातांनी चावून खडबडीत करून देत होती, म्हणजे घाव अधिक खोल व्हावा. पती पडला, तेव्हा तिने त्याचीच बंदूक उचलली. चेरोकी जिंकले. सतरा-अठरा वर्षांच्या त्या विधवेला घिगाऊ, म्हणजे राष्ट्राची प्रिय स्त्री, हे पद मिळाले. स्त्रियांच्या सभेचे नेतृत्व, पुरुषांच्या सभेत आसन आणि मृत्युदंड झालेल्या कैद्याला जीवदान देण्याचा अधिकार या पदाबरोबर येई.

पुढे ब्रायंट वॉर्ड या गोऱ्या व्यापाऱ्याशी तिने घरोबा केला. त्याच्यापासून एलिझाबेथ ही मुलगी झाली. तो यथावकाश दक्षिण कॅरोलायनातील आपल्या गोऱ्या कुटुंबाकडे परतला. त्याचे आडनाव मात्र हिला कायमचे चिकटले.

१७७५ साली चेरोकी पुढाऱ्यांनी एका गोऱ्या कंपनीला अफाट प्रदेश विकून टाकला. सही करणाऱ्यांत तिचा मामा होता. मामाचाच मुलगा ड्रॅगिंग कनू याने त्या व्यवहाराला कडाडून विरोध केला आणि पुढल्या वर्षी तरुणांना घेऊन तो वटौगाच्या गोऱ्या वस्त्यांवर चालून निघाला. नानयेहीने मामेभावाचा बेत त्या वस्त्यांना आधीच कळविला. या एका कृत्यामुळे गोऱ्यांच्या इतिहासात ती पूज्य ठरली, तर तिच्या लोकांत आजही काहींच्या मनात सल आहे. बायकामुलांचे रक्त सांडू नये, हा तिचा हेतू आम्हांस खरा वाटतो. परंतु जमिनीविषयी मामेभावाचे म्हणणे खरे निघाले, हेही तितकेच खरे.

त्याच धामधुमीत लिडिया बीन नावाची गोरी स्त्री कैद झाली आणि तिला जाळण्याची तयारी झाली. नानयेहीने आपला अधिकार वापरून तिला सोडविले व स्वतःच्या घरी नेले. बरी होईपर्यंत त्या पाहुणीने तिला मागावर कापड विणणे, गाई पाळणे, लोणी काढणे शिकविले, आणि तिच्याकडून या विद्या चेरोकी घरांत पसरल्या अशी आठवण सांगितली जाते. शिकार आटत चाललेल्या काळात दूध आणि सूत यांचा आधार लहान नव्हता.

येथे एक गोष्ट लपविणे आम्हांस योग्य वाटत नाही. तलिवाच्या विजयानंतर लुटीच्या वाट्यात तिला एक आफ्रिकी गुलाम मिळाला असे सांगतात, आणि चेरोकींतील आरंभीच्या गुलाम-मालकांत तिची गणना होते. जोतीराव फुल्यांनी १८७३ साली ‘गुलामगिरी’ हा ग्रंथ गुलामांना मुक्त करणाऱ्या अमेरिकेतील सज्जनांना अर्पण केला आणि त्याच ग्रंथाच्या इंग्रजी प्रस्तावनेत तेथील मूलनिवासींवर गोऱ्यांनी केलेल्या जुलमाची आपल्या इतिहासाशी तुलना केली. त्या ग्रंथाचे वारसदार म्हणविणाऱ्या आम्हांला नानयेहीच्या घरातील त्या अनाम माणसाकडे पाठ फिरविता येत नाही.

१७८१ साली हॉलस्टन नदीतील लाँग आयलंडवर तहाची बोलणी झाली. गोऱ्या प्रतिनिधींसमोर ती उभी राहिली. स्त्रियांना तुम्ही कोणीच समजत नाही, पण आम्ही तुमच्या माता आहोत आणि आमचा आक्रोश शांततेसाठी आहे, अशा आशयाचे तिचे भाषण झाले. हे आपल्या स्त्रियांच्याही कानी घाला, असेही तिने सुचविले. समोरच्या बाजूस एकही स्त्री बसलेली नव्हती.

शांतता थोडी मिळाली, भूमी मात्र जातच राहिली. मे १८१७ मध्ये राष्ट्रसभा आणखी जमीन सोडण्याच्या विचारात होती. जवळजवळ ऐंशी वर्षांची नानयेही प्रकृतीमुळे जाऊ शकली नाही. तिने व इतर स्त्रियांनी लेखी निवेदन पाठविले. याच भूमीवर आम्ही तुम्हांला वाढविले, आता आणखी काही देऊ नका. शेते वाढवा, मका आणि कापूस पिकवा, तुमची वस्त्रे आम्ही विणू, असा त्याचा भाव होता. गोऱ्यांना सावध करणाऱ्या त्या तरुणीपासून या निवेदनापर्यंतचे अंतर चाळीस वर्षांचे. आमच्या मते तिच्या आयुष्याचा खरा कळस तलिवा नव्हे, हे निवेदन आहे.

ते मानले गेले नाही. १८१९ च्या करारात हिवासी नदीच्या उत्तरेची भूमी गेली आणि चोटाही गेले. म्हातारपणी तिने ओकोई नदीच्या उताराजवळ नवे बिऱ्हाड मांडले व वाटसरूंसाठी खाणावळ चालविली. १८२२ च्या सुमारास तिचे निधन झाले. पाचच वर्षांनी चेरोकींनी लिखित संविधान केले आणि मताधिकार केवळ पुरुषांना दिला. १८३८ साली सैन्याच्या पहाऱ्यात राष्ट्र पश्चिमेकडे हाकलले गेले. त्या वाटेवर आणि छावण्यांत सुमारे चार हजार माणसे दगावली असे मानतात. चोटाच्या परिसरावर १९७९ मध्ये टेलिको धरणाचे पाणी चढले.

बेंटन गावाजवळच्या टेकडीवर तिची कबर आहे. १९२३ साली अमेरिकी स्वातंत्र्ययुद्धातील सैनिकांच्या वंशज स्त्रियांनी तेथे खूणशिळा बसविली. जवळच तिचा मुलगा फाइव्हकिलर आणि भाऊ, म्हणजे त्या मुलांचा मामा लाँगफेलो, यांच्या कबरी आहेत.