हजेरीपटावर नसलेली विद्यार्थिनी

बी. ए.ला मानसशास्त्र घेणाऱ्यांना जोड्यांच्या पाठांतराचा प्रयोग परिचयाचा असतो. एक शब्द दाखवायचा, लगेच त्याच्या जोडीचा दुसरा. नंतर पहिला दाखवून दुसरा विचारायचा. जर्नलात उद्देश, साहित्य आणि निष्कर्ष आपण नेमाने उतरवतो, पण ही पद्धत कोणाची हे सहसा कोणी विचारीत नाही. ती मेरी व्हिटन कॅल्किन्स या अमेरिकन अध्यापिकेची.

मेरीबाईंचा जन्म ३० मार्च १८६३ रोजी हार्टफर्ड येथे झाला. वडील धर्मोपदेशक होते. स्मिथ कॉलेजची पदवी घेऊन त्या १८८७ मध्ये वेलस्ली या मुलींच्या कॉलेजात ग्रीक शिकवू लागल्या. पुढे कॉलेजला प्रायोगिक मानसशास्त्र सुरू करायचे होते, पण ते शिकवणारी बाई मिळेना. तेव्हा मेरीबाईंनी वर्षभर हा विषय शिकून यावा, असे ठरले.

शिकायचे कोठे? जवळच्या हार्वर्डमध्ये विल्यम जेम्स होते. परंतु ते विद्यापीठ स्त्रियांना प्रवेश देत नसे. वडिलांनी अर्ज केला, कॉलेजनेही पत्र दिले. ऑक्टोबर १८९० मध्ये वर्गात बसण्याची परवानगी मिळाली, ती विद्यार्थिनी म्हणून नोंद होणार नाही या अटीवर. जेम्स यांच्या वर्गातले बाकीचे विद्यार्थी लवकरच गळाले. उरले शेकोटीच्या दोन बाजूंना गुरू आणि शिष्या, व मध्ये जेम्स यांचा नुकताच छापून आलेला दोन खंडांचा ग्रंथ. हजेरीपटावर नाव असलेल्या किती जणांना असा वर्ग लाभतो?

१८९१ मध्ये वेलस्लीला परतून बाईंनी कॉलेजच्या पोटमाळ्यावर प्रयोगशाळा थाटली. साहित्य बेताचेच. पण पहिल्याच वर्षी पन्नासाहून अधिक मुली आल्या. त्यांनी कोकराच्या मेंदूचे विच्छेदन केले. स्पर्श, रंग, आवाज यांचे प्रयोग एकमेकींवर केले. पदवीच्या वर्गाला मानसशास्त्र नुसते वाचून दाखवायचे नाही, हा बाईंचा आग्रह त्या काळी नवा होता, आणि माझ्या मते त्यांच्या पुढच्या मानसन्मानांहून तोच मोठा.

नंतर त्या ह्यूगो म्युन्स्टरबर्ग यांच्या हाताखाली काम करण्यास पुन्हा हार्वर्डला गेल्या. रंगापाठोपाठ अंक दाखवून, नंतर नुसता रंग पाहून अंक आठवतो का, हे त्यांनी तपासले. ठळकपणा, नुकतेपणा आणि वारंवारता यांत वारंवारतेचे पारडे जड ठरले. १८९५ मध्ये हार्वर्डच्या अध्यापकांनी त्यांची तोंडी परीक्षा घेतली व त्या डॉक्टरेटला पूर्ण पात्र असल्याचा निर्वाळा दिला. विद्यापीठाने पदवी नाकारली. कारण एकच, त्या स्त्री होत्या.

१९०२ मध्ये हार्वर्डशी संलग्न असलेल्या रॅडक्लिफ या स्त्रियांच्या कॉलेजची डॉक्टरेट त्यांना देऊ करण्यात आली. म्युन्स्टरबर्ग यांनी ती घ्यावी म्हणून गळ घातली. पण काम केले हार्वर्डात, तर पदवी दुसऱ्या दारातून कशासाठी? बाईंनी नकार दिला. या नकाराने त्यांचे काही अडले नाही: १९०५ मध्ये त्या अमेरिकन मानसशास्त्र संघटनेच्या पहिल्या स्त्री अध्यक्षा झाल्या, १९१८ मध्ये तत्त्वज्ञान संघटनेच्याही.

१९२७ मध्ये हार्वर्डच्याच काही नामवंत माजी विद्यार्थ्यांनी त्यांना पदवी द्यावी, अशी विनंती केली. तीही फेटाळली गेली. १९२९ पर्यंत बाई वेलस्लीतच शिकवीत राहिल्या, आणि निवृत्तीनंतर वर्षभरातच, फेब्रुवारी १९३० मध्ये त्यांचे निधन झाले.