बॅगेच्या ओझ्यामुळे सुचला छोटा कॅमेरा! कोण होते ऑस्कर बार्नाक?

ऑस्कर बार्नाक यांना फोटोग्राफीचा नाद होता आणि दमाही होता. जर्मनीतल्या या मेकॅनिकचा जन्म १८७९ चा. तेव्हा फोटो काढायला निघायचं तर कॅमेरा आणि १३ बाय १८ सेंटिमीटरच्या काचेच्या प्लेट्सची जड बॅग खांद्यावर. थुरिंगियाच्या जंगलात चढ लागला की बार्नाक यांना धाप लागायची.

१९११ मध्ये ते वेट्झलारच्या लाइट्झ कंपनीत लागले. तिथे त्यांनी सिनेमाच्या ३५ मिमी फिल्मवर चालणारा छोटासा कॅमेरा बनवला. फ्रेम २४ बाय ३६ मिमी, म्हणजे आजची 'फुल फ्रेम'!

पण एवढीशी निगेटिव्ह मोठी करायची तर लेन्स शार्पच हवी. माक्स बेरेक यांनी तशी ५० मिमीची लेन्स तयार केली आणि १९२५ मध्ये 'लायका' बाजारात आला.

१९३६ मध्ये बार्नाक गेले. तोवर लायकाला हव्या त्या लेन्स बदलून लावता येऊ लागल्या होत्या. म्हणजे बॅग पुन्हा भरायला लागली!